काळी म्हणजे कडकनाथच असं नाही

गेल्या दिवाळीनंतर आम्ही परसात खुराडं बांधलं आणि पाच तलंगा आणल्या. त्यांतल्या दोन काळ्या हाटातून ‘अस्सल झाबुआच्या कडकनाथ’ म्हणून घेतल्या, गावठीच्या तिप्पट भावाने. आठवडाभर त्यांना न्याहाळल्यावर आजी म्हणाली, “यातली एकच कडकनाथ आहे. दुसरीची पिसं तेवढी काळी.”

मला दोघी जुळ्या बहिणींसारख्या दिसत होत्या. मग आजीने एकेकीला काखेत धरून दाखवलं. पिसांचा रंग शेवटी बघायचा. आधी चोच उघडून जीभ, मग तुरा, मग पोटाकडची पिसं फुंकर मारून बाजूला करून कातडी आणि शेवटी पाय. खऱ्या कडकनाथचा काळा रंग कातडीत, मांसात, हाडांपर्यंत उतरलेला असतो. आमच्या पहिलीची जीभ काळपट, तुरा जांभळट, पाय काळे. दुसरीची जीभ गुलाबी, तुरा लालभडक, कातडी पांढरी! अंड्यावरून मात्र फसू नका. कडकनाथचं अंडंही फिकट बदामीच असतं, काळं नसतं. झाबुआच्या कडकनाथला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तेव्हापासून नावाला भाव आला आणि नावावर खपवणारेही आले.

उरलेल्या तिघींचीही तपासणी झाली. उंच, ताठ मानेची, जाड पायांची आणि बसक्या, छोट्या तुऱ्याची ती असील. झुंजीच्या कोंबड्यांची ही जात, अंडी कमीच. बोडक्या मानेचीची जात मानेवरून सांगता येत नाही. तो गुण एका जनुकाचा, कोणत्याही संकरात उतरतो. तिसरी तपकिरी, अंगाने भरलेली वनराजा. ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने परसातल्या पालनासाठी तयार केलेली संकरित कोंबडी. तिची अंडी खावीत, पण उबवून वंश वाढवायला जाऊ नये. पुढच्या पिढीत ते उत्पादन टिकत नाही.

आता प्रश्न गुलाबी जिभेच्या काळीचा. बाबा म्हणाले, “फसवणूक झालीच आहे, काढून टाकू.” आजीने फक्त “थांब” म्हटलं.

फाल्गुनात ती काळी खुडूक बसली. खुराड्यातून हलेना, हात लावला की पिसं फुलवून चोच मारायची. कडकनाथ सहसा अशी बसत नाही, तिची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली ठेवावी लागतात. आमच्याकडे कोंबडा नाही, म्हणून बाबांनीच झाबुआकडच्या एका ओळखीच्या घरून नऊ अंडी आणली आणि आजीने रवण घातलं. एकविसाव्या दिवशी सात पिल्लं निघाली. काळसर कातडीची, काळ्या पायांची.

आता ती फसवी काळी सात अस्सल कडकनाथांना घेऊन परसात माती उकरत फिरते. मांजर दिसलं की पंख पसरून धावून जाते. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, “ही कुठल्या जातीची हो?”

“गावठी,” बाबा म्हणाले. “पण विकायची नाहीये.”

तुम्ही घ्यायला गेलात तर उजेडात जा आणि पैसे देण्याआधी चोच उघडून बघा. आम्ही पैसे दिल्यावर बघितली.