तळ्याआधी कुंपण आखा
वाई-पाचगणीकडच्या बंगल्यांत परसात पोहण्याचा तलाव बांधतात. माण, खटाव, जत, आटपाडीत घराजवळचे खोल पाणी म्हणजे शेततळे. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, डाळिंबाच्या बागांना आधार झाला. पण तळ्यात अंथरलेला प्लास्टिकचा कागद शेवाळाने बुळबुळीत होतो. उतारावर पाय ठरत नाही. काठ दोन हातांवर दिसत असतो, तरी पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही. त्याला वाचवायला उतरलेलाही आतच अडकतो.

म्हणून, तलाव असो वा तळे, खड्डा आखतानाच कुंपण आखावे. चारही बाजूंनी, किमान चार फूट उंच, फाटक आपोआप बंद होणारे. चौथी बाजू घराच्या भिंतीवर भागवली, की मागच्या दारातून लहान मूल थेट पाण्यावर जाते. तळ्याच्या चारही उतारांवर गाठी मारलेले जाड दोर पक्क्या खुंट्यांना बांधून सोडावेत. कागदाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळच.

बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही. बाहेर काढल्यावर पोट दाबून किंवा उलटे धरून पाणी काढत बसू नये. श्वास नसेल तर लगेच तोंडाने श्वास द्यावा, छाती दाबावी. दुसऱ्याने १०८ ला फोन लावावा. प्राणवायूविना मेंदूला चार-पाच मिनिटांतच इजा होऊ लागते. वस्तीवर रुग्णवाहिका तेवढ्यात पोचत नाही.