फ्रंट-एंड शिकायचंय? आधी पुस्तक, मग केबल, शेवटी लॅपटॉप

आजचा भाग फ्रंट-एंड शिकणाऱ्यांसाठी आहे. ज्यांना ऐकायला जमत नाही, बसमध्ये नेट जातं, त्यांच्यासाठी सगळा भाग इथे लिहून दिलाय.

नवीन जालन्यातल्या पोरापोरींचा एक प्रश्न ठरलेला असतो: "कोणता लॅपटॉप घेऊ?" प्रश्न चुकीचा नाही, पण तो तिसरा प्रश्न आहे. घर मोसंबीच्या पट्टीवर किंवा स्टील कारखान्यातल्या पगारावर चालत असेल, तर लाखाचा लॅपटॉप हप्त्यावर घेणं म्हणजे दोन-तीन वर्षं घरच्यांच्या डोक्यावर ओझं. आणि एवढं करून तीन महिन्यांत कळलं की आपल्याला यात रसच नाही, तर? म्हणून खर्चाचा क्रम महत्त्वाचा. आज तोच बघू.

पहिलं: पुस्तकं

फ्रंट-एंड म्हणजे साइटचा जो भाग लोकांना दिसतो आणि ज्याला ते बोट लावतात, तो. एचटीएमएल म्हणजे सांगाडा, सीएसएस म्हणजे रंगरूप आणि जावास्क्रिप्ट म्हणजे हालचाल. हे तिन्ही शिकायला पैसे लागत नाहीत.

सुरुवात मोझिलाच्या एमडीएनपासून करा. फुकट आहे, सतत अपडेट होतं आणि नोकरी लागल्यावरही रोज तेच उघडावं लागतं.

जावास्क्रिप्टसाठी मराईन हावरबेके यांचं 'एलोक्वंट जावास्क्रिप्ट' घ्या. त्याची चौथी आवृत्ती २०२४ची आहे आणि ती वेबवर फुकट वाचता येते. पण पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाचायला जाऊ नका, मधेच दम लागतो. पहिली पाच प्रकरणं करा, मग थेट १३, १४, १५ वर या. तिथे जावास्क्रिप्ट ब्राउझरमध्ये कशी चालते ते आहे. प्रत्येक प्रकरणाखालचे प्रश्न मात्र सोडवायचेच. नुसतं वाचून पोहता येत नाही, तसंच आहे हे.

छापील पुस्तक हवं असेल तर जॉन डकेट यांचं 'एचटीएमएल अँड सीएसएस'. चित्रं भरपूर आणि इंग्रजी सोपं. पण लक्षात ठेवा, ते २०११चं आहे. पानाची मांडणी त्यात जुन्या 'फ्लोट' पद्धतीने शिकवलीय. आज आपण फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड वापरतो, आणि ग्रिड मोठ्या ब्राउझरांत आलं तेच २०१७ मध्ये. तेवढा भाग एमडीएनवरून शिका.

जुन्या पुस्तकांच्या दुकानात हाच नियम लावा: आधी साल बघा. जावास्क्रिप्टमध्ये मोठा बदल २०१५ मध्ये झाला. त्याआधीचं पुस्तक कितीही स्वस्त मिळालं तरी नवशिक्याने घेऊ नये.

चौथं पुस्तक कोडिंगचं नाहीच. स्टीव्ह क्रुग यांचं 'डोन्ट मेक मी थिंक', तिसरी आवृत्ती २०१४ची. त्याचा मुद्दा साधा आहे: साइट वापरणाऱ्याला डोकं खाजवायला लावू नका. मोसंबीचा आजचा भाव बघायला आलेल्या शेतकऱ्याला आधी बॅनर, मग लॉगिन, मग मेनू दिसला तर तो परत येणार नाही. भाव वर, ठळक, लगेच दिसला पाहिजे.

इंग्रजी अडतंय? एक वही करा. प्रत्येक नवीन कल्पना मराठीत, स्वतःच्या शब्दांत, एका वाक्यात लिहा. वाक्य जमलं नाही तर समजा, कल्पना अजून समजलेली नाही.

दुसरं: फोन आणि केबल

लॅपटॉप नसेल तर फोनवर सुरुवात होते. अँड्रॉइडवर 'एकोड' नावाचा ओपन सोर्स एडिटर आहे. ओटीजी लावून साधा यूएसबी कीबोर्ड जोडला की टायपिंगचा त्रास बराच कमी होतो. यावर नोकरीचं काम होणार नाही, पण पहिली दहा पानं नक्की बनतील. तेवढ्यात आवड आहे की नाही तेही कळेल.

आणि कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा मित्राकडे कॉम्प्युटर मिळत असेल, तर डेटा केबल हे तुमचं सगळ्यात कामाचं हत्यार. काही स्वस्त केबलींनी फक्त चार्जिंग होतं, म्हणून घेताना फाइल जाते का ते तपासा. फोनच्या सेटिंगमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप केलं की डेव्हलपर ऑप्शन्स उघडतात. तिथे यूएसबी डीबगिंग चालू करा. मग कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडलं की फोनवरची साइट कॉम्प्युटरवरून तपासता येते. काम झालं की डीबगिंग बंद करायला विसरू नका, विशेषतः कॉम्प्युटर दुसऱ्याचा असेल तर.

एवढा खटाटोप कशाला? कारण तुमची साइट बघणारे बहुतेक लोक फोनवरच असतात, तेही साध्या. हिशेब करा: ३ एमबीचा फोटो आणि नेटचा वेग सेकंदाला २ मेगाबिट. ३ एमबी म्हणजे २४ मेगाबिट, म्हणजे एका फोटोला १२ सेकंद. अंगारकीला राजूरच्या गर्दीत नेट रांगायला लागलं तर तेवढंही मिळणार नाही. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये नेट मुद्दाम हळू करून बघायची सोय आहे, ती रोज वापरा.

आपल्या भाषेची तपासणी

हे या इंग्रजी पुस्तकांत सापडणार नाही, आणि इथेच तुम्ही पुण्या-बंगळुरूच्या पोरांपेक्षा पुढे जाऊ शकता.

फॉर्ममध्ये नावाला दहा अक्षरांची मर्यादा घातली, असं समजा. कॉम्प्युटर काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजतो. त्याच्या हिशेबाने 'ज्ञानेश्वर' बरोबर दहा आणि 'ज्ञानेश्वरी' अकरा. म्हणजे ज्ञानेश्वरीची शेवटची वेलांटी कापली जाणार आणि फॉर्मवर पोरीचा पोरगा होणार! म्हणून मराठी नावांसाठी मर्यादा भरपूर मोठी ठेवा.

दुसरं, सीएसएसमध्ये अक्षरांतलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते. इंग्रजी मथळ्याला ते शोभतं, मराठीला नाही. ओळींमध्येही जागा जास्त द्या, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीला टेकतो. पानाची भाषा मराठी आहे असं एचटीएमएलमध्ये लिहा, कारण काही फॉन्ट त्यावरून मराठी वळणाचे ल आणि श दाखवतात. फॉन्टसाठी मुंबईच्या एक टाइपचे मुक्ता आणि बालू गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

तिसरं: लॅपटॉप

चार-पाच महिने टिकलात? मग घ्या. ८ जीबी रॅम कमीत कमी, १६ असेल तर उत्तम. एसएसडी हवीच. गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड या कामाला लागत नाही, त्याचे पैसे वाचवा.

ऑफिसात वापरून झालेला सेकंड हँड लॅपटॉपही चालतो, पण एक गोष्ट बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी इंटेलचा साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. दुकानदार "एकदम मस्त चालतो" म्हणेल, तुम्ही पिढी विचारा. त्याहून जुना फारच स्वस्त मिळत असेल तर त्यावर लिनक्स टाका, फ्रंट-एंडचं काम छान होतं. घेताना प्रत्येक की दाबून बघा, चार्जर काढून बॅटरी किती वेळ टिकते ते बघा आणि बिल घ्या.

या आठवड्याचं काम

एक पान बनवा: ओळखीच्या एका दुकानाचं, मराठीत. नाव, वेळ, पत्ता आणि फोनचं बटण, बस. मग ते पान दुकानदाराच्याच फोनवर उघडून द्या आणि म्हणा, "काका, यावरून फोन लावून दाखवा." त्यानंतर तुम्ही गप्प राहायचं, मदत करायची नाही. ते कुठे अडले ते वहीत लिहा आणि घरी येऊन तेवढंच दुरुस्त करा. पुढच्या भागात भेटू!