मांजराला पातळ औषध पाजताना

घरातले मांजर दहा-बारा वर्षांचे झाले की त्याची दुखणी सुरू होतात. मूत्रपिंडे थकतात, दात-हिरड्या बिघडतात, थायरॉइड ग्रंथीचे काम बिघडते. पशुवैद्य औषधाची बाटली देतात आणि रोज दोनदा एक-एक मिलिलिटर पाजायला सांगतात. मांजर मात्र बाटली दिसताच कपाटाखाली दडी मारते. अशा वेळी लहान मुलांना औषध देण्याच्या युक्त्या आपल्याला आठवतात. औषध मधातून चाटवावे, नाक दाबून घोट घशाखाली उतरवावा, नाहीतर जेवणात कालवावे. मांजराच्या बाबतीत या तिन्ही युक्त्या चुकतात. त्या का चुकतात हे पाहू, म्हणजे योग्य रीत समजणे सोपे जाईल.

पहिली युक्ती गोडाची. गोड चव ओळखण्यासाठी जिभेवर दोन विशिष्ट प्रथिनांची जोडी असावी लागते. त्यातील एक प्रथिन तयार करणारे जनुक मांजरात निकामी असते. फिलाडेल्फिया येथील मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधील शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले की, या जनुकातील २४७ बेस-जोड्यांचा एक तुकडा मांजरात गळून गेलेला आहे. वाघात आणि चित्त्यातही हीच उणीव त्यांना आढळली. मांसावर जगणाऱ्या प्राण्याचे गोडावाचून काही अडत नाही. कडू चव मात्र मांजराला चांगली कळते. त्यामुळे औषधातील साखरेने आपल्याला त्याचा कडूपणा कमी वाटला, तरी मांजराच्या वाट्याला तो तसाच येतो. कडू औषध जिभेला लागताच पुष्कळदा त्याच्या तोंडाला फेस येतो. ही बहुधा चवीमुळे सुटलेली लाळ असते. मासळीची किंवा कोंबडीची चव असलेले औषध मिळेल का, हे पशुवैद्यांना जरूर विचारावे.

दुसरी युक्ती जबरदस्तीची. अन्ननलिका आणि श्वासनलिका यांची तोंडे घशात शेजारी-शेजारी असतात. गिळण्याच्या क्षणी श्वास थांबतो आणि श्वासनलिकेचे तोंड झाकले जाते. मांजराचे डोके मागे वाकवून एकदम औषध ओतले, तर गिळण्याची तयारी होण्याआधीच द्रव खाली उतरतो. नाक दाबले असेल, तर श्वासासाठी धडपडताना मांजर तो फुप्फुसात ओढून घेते आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. 'नाक दाबले की तोंड उघडते' या म्हणीचा प्रयोग मांजरावर करू नये. लिक्विड पॅराफिन तर कधीच बळेबळे पाजू नये. त्याला चव नसते आणि ते श्वासनलिकेत गेले तरी ठसका लागेलच असे नाही.

तिसरी युक्ती जेवणात कालवण्याची. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन गार्सिया यांनी १९५५ साली उंदरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. सॅकरिनचे गोड पाणी पिताना ज्या उंदरांवर गॅमा किरणांचा मारा झाला, ते पुढे त्या पाण्याला तोंड लावीनात. खाण्यानंतर आलेले आजारपण प्राणी त्या चवीशी जोडतो. आजारी मांजराच्या नेहमीच्या अन्नात औषध मिसळले, तर ते अन्नच सोडून देण्याची भीती असते. आणि मांजराचा उपवास आपल्या उपवासासारखा नसतो. काही दिवस पोटात अन्न गेले नाही, तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते आणि जिवावर बेतते. लठ्ठ मांजराला हा धोका अधिक.

मग औषध पाजावे कसे? सुई काढलेली एक मिलिलिटरची सिरिंज घ्यावी. मांजराला टॉवेलमध्ये गुंडाळून, डोके तेवढे बाहेर ठेवून, त्याची पाठ आपल्याकडे येईल असे बसवावे. म्हाताऱ्या मांजराचे सांधे दुखत असतात, म्हणून पाय आवळू नयेत. डोके जवळजवळ सरळ राहू द्यावे. सुळ्याच्या मागे, दाढांच्या आधी जी फट असते, तीतून सिरिंजचे टोक गालाच्या बाजूने आत सरकवावे आणि अर्धा मिलिलिटर किंवा त्याहूनही कमी औषध हळूहळू सोडावे. मांजराने ते गिळू दिल्यावरच पुढचा घोट द्यावा. ठसका लागला तर लगेच थांबावे आणि डोके मोकळे सोडावे. नंतर आवडीचा एखादा घास द्यावा. औषध बाहेर सांडले किंवा ओकून पडले, तर पशुवैद्यांना विचारल्याशिवाय पुन्हा देऊ नये. किती औषध पोटात गेले हे आपल्याला ठाऊक नसते. औषध महिनोन्‌महिने द्यायचे असते, त्यामुळे आजचा घोट उद्याची झटापट वाढवणार नाही असा असावा. रोजची झटापट होतच राहिली, तर गोळी किंवा इंजेक्शन असा दुसरा मार्ग सुचवण्यास सांगावे.

एक इशारा सर्वांत महत्त्वाचा. मांजराचे अंग गरम लागले म्हणून घरातील मुलांचे तापाचे औषध त्याला कधीही देऊ नये. त्यात बहुधा पॅरासिटामॉल असते. आपले यकृत पॅरासिटामॉलला ग्लुकुरॉनिक आम्लाची जोड देऊन ते शरीराबाहेर टाकते. हे काम करणाऱ्या विकराचे जनुकही मांजरात निकामी आहे. त्यामुळे औषधापासून विषारी पदार्थ तयार होतात, रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेईनासे होते आणि हिरड्या तपकिरी किंवा निळसर दिसू लागतात. पाच मिलिलिटरच्या एका चमच्यात १२० मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असले, तर चार किलोच्या मांजराला ते किलोमागे ३० मिलिग्रॅम पडते. एवढेही त्याला घातक ठरू शकते. चुकून दिले गेले असेल, तर लक्षणांची वाट न पाहता मांजराला ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

हा विषय वर्गातही घेता येईल. मुलांना घशावर बोट ठेवून आवंढा गिळायला सांगावे. कंठ वर सरकलेला बोटाला जाणवतो. नेमक्या त्याच क्षणी श्वास घेता येतो का, हे त्यांनी करून पाहावे. मग मांजराला घोट-घोट का पाजायचे, हे मुले स्वतःच सांगतील. ज्यांच्या घरी मांजर आहे, ती मुले मधाची बाटली आणि तापाचे औषध याबद्दल घरी जाऊन सांगतील, हा आणखी एक फायदा.