रद्दीची भिंत आणि विक्रोळीचा पाऊस

कन्नमवार नगरात सध्या कुठल्याही रस्त्याने जा, पत्र्याच्या कुंपणाआड म्हाडाची एखादी जुनी इमारत पाडणं चालू असतं. राडारोड्याचे डंपर बाहेर पडतात आणि त्याच फाटकातून नव्या टॉवरसाठी ब्लॉकचे ट्रक आत शिरतात. आपल्याला किती चौरस फूट कार्पेट मिळणार हे सभासदांना तोंडपाठ असतं. भिंत कशाची असणार, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. आणि विचारलं तर उत्तर आधीच ठरलेलं असतं: भिंत विटेचीच हवी, वाजवून बघितली की खणखणली पाहिजे.

विटेला पर्याय शोधणाऱ्यांच्या यादीत पेपरक्रीट हे नाव हमखास येतं. रद्दी पाण्यात भिजवायची, घुसळून लगदा करायचा, त्यात सिमेंट आणि हवी तर वाळू मिसळून साच्यात ओतायचा. ठोकळा वाळताना बराच आक्रसतो, पण हलका होतो, करवतीने कापता येतो, आणि तंतूंमध्ये अडकलेल्या हवेमुळे उष्णता अडवतो. अमेरिकेत न्यू मेक्सिको, ॲरिझोनासारख्या कोरड्या भागांत हौशी लोकांनी त्याची अख्खी घरं बांधली. आपल्याकडे लगदा काही नवा नाही. रद्दी आणि मेथ्या भिजवून, कुटून, पालथ्या भांड्यावर थापून टोपल्या करणाऱ्या आज्या अनेक घरांत होत्या.

मात्र कागद आहे म्हणजे निरुपद्रवी, हा समज महाराष्ट्रात एकदा चांगलाच तपासला गेला आहे. 2011 च्या शासन निर्णयाने कागदी लगद्याच्या गणेशमूर्तींना प्रोत्साहन दिलं होतं. पुढे माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतल्या चाचण्यांत असा लगदा पाण्यासाठी घातक ठरला आणि 2016 मध्ये हरित लवादाने त्या तरतुदीला स्थगिती दिली. भिंतीचं विसर्जन होत नाही हे खरं, पण शाई आणि भराव ठोकळ्यातही असतातच.

दुसरा प्रश्न, कागद कुठला वापरायचा? आपली रद्दी वाया जात नाही. रद्दीवाला ती पैसे मोजून नेतो आणि गिरणीत तिचा पुन्हा कागद होतो. तो कागद सिमेंटमध्ये कायमचा कोंडण्यात कसला आलाय पर्यावरणवाद? नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेतल्या राहुल रालेगावकर आणि सचिन मांडवगणे यांनी नेमका इथेच वेगळा विचार केला. रद्दीपासून कागद करणाऱ्या गिरणीत शेवटी जो गाळ उरतो, त्यातले तंतू इतके आखूड झालेले असतात की त्यांचा पुन्हा कागद होत नाही. या गाळाचे 90 टक्के आणि सिमेंटचे 10 टक्के घेऊन त्यांनी विटा पाडल्या. 2012 च्या सुमारास हे काम प्रसिद्ध झालं. विटा वजनाला हलक्या आणि भट्टीशिवाय तयार होणाऱ्या. मला यातलं सिमेंटचं प्रमाण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जगाच्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात सात ते आठ टक्के वाटा सिमेंटचा आहे. ठोकळा मजबूत व्हावा म्हणून कोणी सिमेंट ओततच गेलं, तर त्या ‘हिरव्या’ भिंतीचा हिशेब उलटा फिरतो.

आता पाऊस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी विक्रोळीत काय झालं हे इथल्या तळमजल्यावाल्यांना विचारा. पण असा एखादा दिवस सोडा, एरवीही इथल्या पश्चिमेकडच्या भिंती जून ते सप्टेंबर ओल्याच असतात. कागद-सिमेंटचा ठोकळा पाणी शोषतो, फुगतो, बुरशी धरतो. कोकणातल्या कारवीच्या कुडाचं उदाहरण लोक लगेच देतात. तो कूड टिकायचा, कारण वर उतरतं छप्पर असायचं आणि पाणी भिंतीपासून दूर पडायचं. शिवाय दरवर्षी कोणीतरी सारवायचं. वीस मजली टॉवरच्या बाहेरच्या भिंतीला ना छप्पर, ना सारवणारे हात. तेव्हा विक्रोळीत पेपरक्रीटची जागा घराच्या आत, दोन खोल्यांमधल्या आडभिंतीत. तीही न्हाणीघर आणि ओट्यामागची भिंत सोडून.

टॉवरच्या भिंतींपुरता निकाल लागलेलाच आहे: एएसी ब्लॉक. औष्णिक वीजकेंद्राची राख, सिमेंट, चुना, जिप्सम आणि चिमूटभर ॲल्युमिनियमची पूड. पूड चुन्याशी भिडली की हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात, मिश्रण ढोकळ्यासारखं फुगतं, मग तारेने कापून बंद टाकीत दाबाखालच्या वाफेवर पक्कं करतात. दहा बाय दहा फुटांची चार इंची विटेची भिंत गिलावा न धरता अठराशे किलोच्या आसपास भरते. तेवढीच एएसीची सहाशेच्या आत. मिस्त्री ब्लॉक हाताने करवतून लावतो, काम भराभर उरकतं. तक्रार येते ती वर्षभराने, कॉलमला भिंत भिडते तिथे केसासारखी चीर दिसली की. सांध्यावर जाळी न मारता गिलावा केला, किंवा पातळ थराच्या चिकटमालाऐवजी सवयीने जाड वाळू-सिमेंट भरलं, की हे होणारच. दोष ब्लॉकच्या माथी मारला जातो. आणखी एक, गिझर किंवा जड कपाट टांगायचं तर साधा प्लग चालत नाही. या ब्लॉकसाठीचे वेगळे अँकर मागून घ्या.

राख मात्र दुरून येते. विक्रोळीचा स्वतःचा कच्चा माल म्हणजे तो डंपरमधला राडारोडा. 1943 मध्ये पिरोजशा गोदरेज यांनी इथली जमीन लिलावात घेतली. त्याच आवारात आज गोदरेज कन्स्ट्रक्शन जुनं काँक्रीट दळून त्याची खडी नव्या ब्लॉकमध्ये आणि पेव्हरमध्ये वापरतं. तंत्र साधं आहे, निवड किचकट. लाकूड, प्लास्टिक, जिप्समचं छत वेगळं काढलं नाही तर ब्लॉक कमजोर पडतो. म्हणून इमारत कशी पाडली यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. 2016 च्या बांधकाम राडारोडा नियमांनी हेच सांगितलं होतं: वेगळं करा, नेमलेल्या ठिकाणीच द्या. महापालिकेसाठी दहिसर आणि शिळफाट्याजवळचं दायघर इथे दिवसाला प्रत्येकी 600 टनांची प्रक्रिया केंद्रं उभी आहेत. तरी खाडीकाठी रात्रीत टाकलेले ढीग दिसतातच. खारफुटीखालची जमीन अशीच भरत जाते.

हलक्या भिंतीची खरी गरज स्टेशनच्या पश्चिमेला, टेकडीवर आहे. 18 जुलै 2021 च्या पहाटे सूर्यनगरात दरड कोसळून घरं गाडली गेली आणि माणसं दगावली. दरडीपुढे कुठलाही ब्लॉक टिकत नाही. तिथे संरक्षक भिंत, पाण्याचा निचरा आणि पुनर्वसन हेच उपाय. पण पार्कसाइटपासून वर चढत गेलेल्या वस्त्यांमध्ये तळाच्या कच्च्या पायावर विटेचा वरचा माळा चढतो, तेव्हा वजनाचा प्रश्न घराघराचा होतो. तिथला माणूस हातगाडीवरून आणि मग डोक्यावरून विटा वर नेतो, कारण दुकानात त्याला वीस-तीस नग सुटे मिळतात. एएसी ब्लॉक बहुधा ट्रकच्या हिशेबाने विकले जातात. ते सुटे विकणारा दुकानदार वस्तीच्या तोंडाशी हवा.

सोसायटीच्या करारावर अजून सही व्हायची असेल तर दोन कागद बिल्डरकडे आत्ताच मागता येतात: पाडकामाचा राडारोडा नेमका कुठे जाणार याची पावती, आणि भिंतीच्या ब्लॉकचा दाबशक्ती व पाणीशोषणाचा चाचणी अहवाल. दुसरा कागद माल साइटवर उतरण्याआधी बघायचा असतो, गिलावा झाल्यावर नव्हे.