रणगाड्यांच्या प्रतिकृतींची बांधणी

रणगाड्यांच्या प्रतिकृतींची बांधणी हा खऱ्या रणगाड्यांच्या ठरावीक प्रमाणात लहान केलेल्या प्रतिकृती जोडण्याचा, रंगविण्याचा आणि त्यांना वापरातील वाहनाचे रूप देण्याचा छंद आहे. या प्रतिकृती बहुधा पॉलिस्टायरीन या प्लास्टिकच्या सुट्या भागांच्या संचातून बांधल्या जातात. वाहनाची लांबी, रुंदी व उंची एका गुणोत्तराने कमी करता येते. परंतु त्याचे वजन, त्यावर पडणारा प्रकाश आणि अंगावरची धूळ त्याच गुणोत्तराने कमी होत नाही. त्यामुळे अचूक मापाची प्रतिकृतीही खेळण्यासारखी दिसू शकते. हा दोष दूर करण्यासाठी विकसित झालेली रंगकामाची तंत्रे हे या छंदाचे प्रमुख वैशिष्ट्य होय.

प्रमाण

प्रतिकृतीचे प्रमाण गुणोत्तराने दर्शवितात. १:३५ या प्रमाणात खऱ्या वाहनावरील ३५ सेंटीमीटर अंतर प्रतिकृतीवर १ सेंटीमीटर होते. टायगर १ हा जर्मन रणगाडा तोफेसह सुमारे ८.४५ मीटर लांब होता. त्याची प्रतिकृती १:३५ प्रमाणात सुमारे २४ सेंटीमीटर, तर १:७२ प्रमाणात १२ सेंटीमीटरांहून किंचित कमी लांबीची होते. रणगाड्यांसाठी १:३५ हे प्रमाण सर्वाधिक प्रचलित असून १:४८, १:७२, १:७६ आणि १:१६ ही प्रमाणेही वापरली जातात.

लांबी ३५ पटींनी कमी केल्यास क्षेत्रफळ १,२२५ पटींनी आणि घनफळ ४२,८७५ पटींनी कमी होते. सुमारे ५७ टन वजनाच्या टायगरचे या हिशेबाने १:३५ प्रमाणातील वजन १.३ किलोग्रॅमच्या आसपास येते. प्लास्टिकची प्रतिकृती त्याहून बरीच हलकी असते. जाडीबाबतही असाच प्रश्न उद्भवतो. प्रतिकृतीवरील १ मिलिमीटर जाडीचा पत्रा म्हणजे खऱ्या वाहनावरील साडेतीन सेंटीमीटर जाडीचे पोलाद होय. रंगाचा थर ०.१ मिलिमीटर जाड झाला, तर तो खऱ्या वाहनावरील साडेतीन मिलिमीटर जाडीच्या लेपाइतका ठरतो आणि स्क्रूची डोकी, सांधे यांसारखे बारकावे त्याखाली बुजतात.

इतिहास

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैनिकांना स्वपक्षाची व शत्रूपक्षाची वाहने आणि विमाने ओळखता यावीत, यासाठी लहान प्रतिकृती प्रशिक्षणात वापरल्या जात. युद्धानंतर साच्यात दाबाने प्लास्टिक भरून भाग तयार करण्याचे तंत्र स्वस्त झाले आणि १९५० च्या दशकात अमेरिका व ब्रिटनमध्ये प्लास्टिकचे संच बाजारात येऊ लागले.

१:३५ या प्रमाणाचा प्रसार जपानमधील शिझुओका येथील तामिया या कंपनीमुळे झाला. लाकूड व्यवसायातून सुरू झालेल्या या कंपनीने आधी लाकडी प्रतिकृती बनविल्या आणि १९६० मध्ये प्लास्टिकच्या प्रतिकृतींकडे ती वळली. त्यानंतर लवकरच तिने जर्मन पँथर रणगाड्याचा मोटारीवर चालणारा संच काढला. शुन्साकु तामिया यांनी सांगितल्यानुसार या संचाचा आकार आत बसणारी मोटार व विजेऱ्या यांवरून ठरला होता. नंतर मोजमाप केल्यावर तो साधारण १:३५ भरला. पुढील संच त्याच प्रमाणात निघाले, इतर उत्पादकांनीही ते स्वीकारले आणि योगायोगाने आलेला हा आकडा या छंदाचे प्रमाण बनला.

१९७० च्या दशकात मोटारीऐवजी अचूक तपशिलाला महत्त्व येऊ लागले. अमेरिकेतील शेपर्ड पेन आणि बेल्जियममधील फ्रान्स्वा फेर्लिंडेन यांच्या देखाव्यांनी प्रतिकृतीला प्रसंगाची जोड देण्याची पद्धत लोकप्रिय केली. १९८७ मध्ये स्थापन झालेल्या हाँगकाँगच्या ड्रॅगन कंपनीने आणि त्यानंतर चीनमधील अनेक उत्पादकांनी संचांतील सुट्या भागांची संख्या व बारकावे वाढविले. ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्लास्टिक मॉडेलर्स सोसायटी या संस्थेच्या शाखा आज अनेक देशांत आहेत.

जोडणी

संचातील भाग प्लास्टिकच्या एका चौकटीला चिकटलेले असतात. तिला ‘स्प्रू’ म्हणतात. प्रत्येक भाग कटरने चौकटीपासून वेगळा करून उरलेला कोंब पात्याने व पॉलिश पेपरने काढला जातो. साच्याचे दोन अर्धे जेथे मिळतात तेथे भागावर बारीक रेघ उमटते, तर साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे गोल ठसे आतल्या बाजूला राहतात. रेघ घासून काढतात आणि दिसणारे ठसे पुट्टीने भरतात. तोफेच्या नळीवरील अशी रेघ राहून गेल्यास रंग दिल्यावर ती अधिक ठळक होते.

पॉलिस्टायरीनसाठी वापरले जाणारे द्रव सिमेंट हे सामान्य अर्थाने चिकटविणारे द्रव्य नसते. त्यातील द्रावक दोन्ही भागांचे पृष्ठभाग विरघळवितो आणि तो उडून गेल्यावर दोन्ही भाग एकजीव होतात. धातू व रेझिन या द्रावकात विरघळत नसल्यामुळे त्यांच्यासाठी सायनोॲक्रिलेट म्हणजे झटपट सुकणारा गोंद वापरतात. चिखलरोधक पत्रे, जाळ्या, साखळ्या अडकविण्याच्या कड्या असे पातळ भाग प्लास्टिकमध्ये योग्य जाडीचे बनविता येत नाहीत. त्यासाठी रासायनिक प्रक्रियेने कोरलेले पितळी पत्र्याचे भाग मिळतात.

साखळपट्टे

प्रतिकृतीचे वजन सर्वांत आधी जाणवते ते साखळपट्ट्यांमध्ये. टायगर व सोव्हिएत टी-३४ या रणगाड्यांना पट्ट्याचा वरचा भाग पेलणाऱ्या वेगळ्या लहान चाकांची सोय नव्हती. त्यामुळे त्यांचा जड पोलादी पट्टा स्वतःच्या भाराने मोठ्या चाकांच्या माथ्यावर टेकत असे. अमेरिकन शर्मन रणगाड्याला अशी आधारचाके होती आणि त्याचा पट्टा तुलनेने ताणलेला दिसे. संचातील लवचीक पट्टा टायगरच्या प्रतिकृतीवर ताठ बसविल्यास चाकांपासून वर उचललेला राहतो आणि संपूर्ण वाहन हलके वाटू लागते. हे टाळण्यासाठी पट्टा चाकांना चिकटवितात किंवा प्रत्येक कडी वेगळी असलेले प्लास्टिकचे अथवा धातूचे पट्टे वापरतात. चाके जमिनीवर एकसारखी टेकणे हाही याच कारणाने आवश्यक भाग मानला जातो.

रंगकाम

जोडणी पूर्ण झाल्यावर प्रतिकृती सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन तिच्यावर प्रायमर मारला जातो. पितळ, रेझिन व प्लास्टिक यांवर रंग सारखा धरावा आणि घासकामातील उणिवा दिसून याव्यात, असा त्याचा दुहेरी उपयोग असतो. मूळ रंग बहुधा एअरब्रशने देतात. रंग दुधाइतका पातळ करून सुमारे १ बार दाबाने अनेक विरळ थरांत फवारल्यास बारकावे बुजत नाहीत.

खऱ्या वाहनाच्या रंगाशी तंतोतंत जुळणारा रंगही प्रतिकृतीवर गडद भासतो. अर्ध्या मीटरवरून पाहिलेली १:३५ ची प्रतिकृती ही १७.५ मीटरवरून पाहिलेल्या वाहनाएवढी दिसते. तेवढ्या अंतरावरील खरे वाहन मोकळ्या आकाशाखाली असते. प्रतिकृती मात्र खोलीतील मंद प्रकाशात असते आणि तिच्या सावल्या फिकट पडतात. म्हणून मूळ रंगात थोडा फिकट रंग मिसळतात आणि वरच्या पृष्ठभागांना उजळ, तर खालच्या भागांना गडद छटा देतात. या छटा किती तीव्र असाव्यात, याविषयी छंदकर्मींमध्ये मतभेद आहेत. एका मतानुसार त्या आकार समजण्यास मदत करतात. दुसऱ्या मतानुसार त्यांचा अतिरेक झाल्यास वाहनाऐवजी चित्र पाहिल्यासारखे वाटते.

क्रमांक व चिन्हे पाण्यात भिजवून सरकविण्याच्या डिकॅलच्या रूपात येतात. खडबडीत पृष्ठभागावर डिकॅल लावल्यास त्याखाली हवा अडकून चंदेरी डाग दिसतात. त्यामुळे आधी चकचकीत वार्निश, मग डिकॅल आणि शेवटी चमकरहित वार्निश असा क्रम पाळतात.

वापराच्या खुणा

रंगानंतर धूळ, चिखल, तेल, गंज व ओरखडे यांचा आभास निर्माण केला जातो. या कामाचा पाया रसायनशास्त्रीय आहे. मूळ थर ॲक्रिलिक रंगाचा असेल, तर त्यावर दिलेला एनॅमल अथवा तैलरंग व्हाइट स्पिरिटने पुसता येतो आणि पूर्ण सुकलेल्या खालच्या थराला इजा होत नाही. त्यामुळे चूक सुधारण्यास वाव राहतो. प्रमुख तंत्रे पुढीलप्रमाणे आहेत:

वॉश: अतिशय पातळ केलेला गडद रंग सांध्यांत व स्क्रूंच्या कडेने सोडतात. केशाकर्षणाने तो खाचेत पसरतो आणि त्या जागी सावलीचा भास होतो.

ड्रायब्रशिंग: जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग कडांवर घासतात. त्यामुळे उंचवटे उठून दिसतात.

चिपिंग: रंगाचे टवके उडाल्याचा परिणाम स्पंजच्या तुकड्याने ठिपके देऊन साधतात. दुसऱ्या पद्धतीत गंजाच्या रंगावर हेअरस्प्रे मारून त्यावर ॲक्रिलिक रंग देतात. नंतर पाणी लावून घासल्यावर हेअरस्प्रे विरघळतो आणि वरचा रंग अनियमितपणे निघतो. पूर्वेकडील आघाडीवर रणगाड्यांना हिवाळ्यात दिलेला व झिजलेला पांढरा रंग दाखविण्यासाठी ही पद्धत विशेष उपयुक्त आहे.

तैलरंगाचे ठिपके: पांढरा, पिवळसर, तपकिरी अशा रंगांचे सूक्ष्म ठिपके देऊन ते ओलसर कुंचल्याने खालच्या दिशेने ओढतात. पावसाचे ओघळ व रंगाचा विटकेपणा यांतून दाखविता येतो.

रंगभुकटी: कोरडी रंगद्रव्ये चाकांवर व खालच्या भागावर पसरून द्रावकाने स्थिर करतात. प्लास्टरमध्ये मिसळल्यास तिचा चिखल होतो.

या खुणा कोठे असाव्यात हे वाहनाच्या वापरावरून ठरते. सैनिक जेथे पाय ठेवून चढतात, झाकणे जेथे उघडझाप करतात आणि इंधन जेथे भरले जाते, तेथे झीज व डाग अधिक असतात. धुराड्यावरील रंग उष्णतेने जळत असल्याने ते लवकर गंजते. याउलट युद्धकाळातील अनेक रणगाडे काही आठवडे अथवा महिनेच टिकत. अशा वाहनाच्या जाड चिलखतावर सर्वत्र नारिंगी गंज दाखविणे वास्तवाला धरून नसते.

ऐतिहासिक अचूकता

एकाच प्रकारच्या रणगाड्यात उत्पादनाच्या काळात अनेक बदल होत. त्यामुळे प्रतिकृती बांधण्यापूर्वी वाहनाचा काळ व ठिकाण निश्चित करावे लागते. जर्मन रणगाड्यांचा मूळ रंग फेब्रुवारी १९४३ पर्यंत गडद राखाडी होता. त्यानंतर गडद पिवळा रंग प्रमाण ठरला आणि त्यावर हिरव्या व तांबूस तपकिरी रंगाचे पट्टे तुकड्यांकडून दिले जात. चुंबकीय सुरुंग चिकटू नयेत म्हणून लावला जाणारा झिमेरिट हा खरबरीत लेप १९४३ च्या उत्तरार्धात सुरू झाला आणि सप्टेंबर १९४४ मध्ये तो बंद करण्याचा आदेश निघाला. जुलै १९४३ मधील कुर्स्कच्या लढाईतील टायगरवर झिमेरिट दाखविणे म्हणूनच चुकीचे ठरते. अशा तपासणीसाठी युद्धकालीन छायाचित्रे आणि संग्रहालयांतील मूळ वाहने यांचा आधार घेतात. ब्रिटनमधील बॉव्हिंग्टन येथील संग्रहालयात एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात हस्तगत केलेला ‘टायगर १३१’ चालू स्थितीत जतन केला आहे. तथापि संग्रहालयातील वाहने पुन्हा रंगविलेली असू शकतात. त्यामुळे रंगाचा पुरावा म्हणून ती सावधपणे वापरावी लागतात.

जर्मन वाहनांच्या लोकप्रियतेमुळे या छंदावर आक्षेपही घेतला जातो. टायगर १ ची एकूण निर्मिती सुमारे १,३५० होती, तर शर्मन रणगाडे ४९,००० च्या आसपास बनले. संचांच्या बाजारात मात्र टायगरला मोठे स्थान आहे. यंत्राच्या कौतुकात ते वापरणाऱ्या राजवटीचे गुन्हे नजरेआड होतात, असे टीकाकारांचे म्हणणे आहे. जर्मनीत नाझी चिन्हांच्या सार्वजनिक वापरावर कायद्याने निर्बंध आहेत आणि तेथे विकल्या जाणाऱ्या संचांतून स्वस्तिकासारखी चिन्हे सहसा वगळली जातात.

देखावे

प्रतिकृती जमीन, इमारती व मनुष्याकृतींसह मांडल्यास त्या मांडणीला डायोरामा म्हणतात. दिवाळीत महाराष्ट्रातील मुले बांधतात त्या किल्ल्यांवर मावळा बुरुजाहून उंच असला तरी चालते. डायोरामात मात्र झाड, वीट आणि माणूस या सर्वांचे प्रमाण एकच असावे लागते. सुमारे पावणेदोन मीटर उंचीचा सैनिक १:३५ प्रमाणात ५ सेंटीमीटरांचा होतो. त्याच्या शेजारी उभा राहिल्यावर रणगाड्याचा खरा आकार पाहणाऱ्याला चटकन उमगतो.

सुरक्षितता

सिमेंट, लॅकर व पातळकांची वाफ श्वसनास हानिकारक असते आणि ती ज्वलनशीलही असते. हे काम हवेशीर जागी, ज्योतीपासून दूर आणि योग्य मुखवटा लावून करतात. रेझिनची धूळ फुप्फुसात जाऊ नये म्हणून रेझिनचे भाग पाण्याखाली घासतात.

भारतातील संदर्भ

भारतीय सैन्याने वापरलेल्या रणगाड्यांपैकी सेंच्युरियन, शर्मन, टी-५५ व टी-७२ यांचे संच आंतरराष्ट्रीय बाजारात मिळतात. भारतीय वाहन बांधताना क्रमांक, रेजिमेंटची चिन्हे व स्थानिक बदल छायाचित्रांवरून स्वतः तयार करावे लागू शकतात. या अभ्यासासाठी अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालय महत्त्वाचे आहे. चिलखती दलाच्या केंद्र व प्रशिक्षण संस्थेने १९९४ मध्ये सुरू केलेल्या या संग्रहालयात सेंच्युरियन व विजयंता यांसह विविध देशांची वाहने आहेत. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत पूना हॉर्स रेजिमेंटचे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल यांना ‘फामागुस्टा’ या सेंच्युरियन रणगाड्यात वीरमरण आले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. त्यांचा जन्म पुण्यात झाला होता. हा रणगाडा अहिल्यानगर येथेच जतन केलेला आहे. एखाद्या विशिष्ट वाहनाची प्रतिकृती बांधू इच्छिणाऱ्याला त्याच्या मूळ रूपाचा अभ्यास अशा जतन केलेल्या वाहनांवरून करता येतो.