मणक्यातला ‘गॅप’

गोडी छाटणी झाली की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डिपिंग (घड द्रावणात बुडवणं) आणि विरळणीची घाई उडते. मांडवाखाली हात वर, मान मागे. दिवस कलेपर्यंत तेच. पुढं कधीतरी मान नाहीतर कंबर धरते, आणि माणूस एमआरआयची भलीमोठी पिशवी काखेत घेऊन नाशिकच्या फिजिओथेरपिस्टकडं येतो. कुठं दुखतं हे सांगायच्या आधीच निदान सांगतो: ‘मणक्यात गॅप आहे.’ नाहीतर ‘गादी सरकलीय.’

हा ‘गॅप’ मोठा गमतीचा शब्द आहे. मणक्यांमधली चकती झिजते तेव्हा त्यांच्यातलं अंतर घटतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मात्र फट उभी राहते, भिंतीला तडा गेल्यासारखी. मग वाकणं बंद, ओझं बंद, कमरेला कायमचा पट्टा.

चकती झिजणं हे केस पिकण्याच्या जातीचं आहे, हे त्या रिपोर्टवर कुणी लिहीत नाही. अमेरिकेतल्या ब्रिंजिकजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 साली 33 अभ्यास एकत्र केले. त्यांतल्या 3,110 जणांची पाठ अजिबात दुखत नव्हती. तरीही विशीतल्या 37 टक्के आणि ऐंशीतल्या 96 टक्के लोकांच्या चकत्या झिजलेल्या दिसल्या.

मग दुखतं ते खोटं का? मुळीच नाही. ‘मनाचे खेळ आहेत’ असं म्हणून रुग्णाला वाटेला लावणं हा अडाणीपणाच. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी 1965 साली मांडलं की वेदनेचा संदेश मज्जारज्जूतच कमीजास्त होतो आणि त्यावर मेंदूचाही ताबा चालतो. पुढं व्लायेन आणि लिंटन यांनी 2000 साली भीतीचं चक्र दाखवलं: दुखेल म्हणून हालचाल टाळायची, टाळल्यानं स्नायू दुबळे पडतात, आणि दुबळं अंग आणखी दुखतं.

कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातला 2014 सालचा एक प्रयोग तर प्रत्येक दवाखान्यात सांगावा असा आहे. जुनाट कंबरदुखीच्या 117 रुग्णांना आयएफटीचं मशीन लावलं; आपल्याकडं ‘करंटचा शेक’ म्हणतात तेच. काहींचं मशीन खरं, काहींचं नुसतंच लावलेलं. काहींशी थेरपिस्ट पाचेक मिनिटं बोलून खोलीबाहेर गेला. काहींजवळ थांबला, विचारपूस केली, ऐकून घेतलं. वेदनेच्या दहाच्या मापावर सर्वांत जास्त उतार, 3.13, खरा करंट आणि आपुलकी दोन्ही मिळालेल्यांना पडला. खरी मेख पुढं आहे. खोटा करंट पण आपुलकी मिळालेल्यांचा उतार 2.22, तर खरा करंट पण कोरडी वागणूक मिळालेल्यांचा 1.83. हा परिणाम एकाच बैठकीचा, हे विसरू नये. पण एकाच वेळी चार खाटांवर मशीन लावून मोबाइल बघत बसणाऱ्यांनी हे आकडे वाचायला हरकत नाही.

राज्यातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांची परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे. अभ्यासक्रमात मानसशास्त्रही शिकवलं जातं. अडचण पुस्तकात नाही, बाहेरच्या रांगेत आहे: दहा मिनिटांत तपासायचं, शेकायचं की ऐकायचं?

पायातली ताकद जात असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटत असेल, तर गप्पा बाजूला ठेवून तातडीनं डॉक्टर गाठायचा. तसं काही नसेल तर जाणता थेरपिस्ट एमआरआयची पिशवी बाजूला ठेवतो आणि बागेचं विचारतो. माल कसा आहे, फवारणी कोण करतं, झोप लागते का. ‘काका, गॅप म्हणजे फट नव्हे,’ एवढं समजावतो. मग द्राक्षांचं रिकामं कॅरेट पुढ्यात ठेवतो आणि पट्टा न बांधता उचलायला सांगतो. काका आधी श्वास रोखून, जपून वाकतात. कॅरेट वर येतं, खाली जातं. दुसऱ्या खेपेला त्यात दोन किलो माल पडतो, पुढच्या आठवड्यात पाच. आठव्या-दहाव्या खेपेला काका कॅरेट उचलता उचलता यंदाच्या भावाबद्दल तक्रार करू लागतात, आणि श्वास रोखायचा राहून जातो.