प्रेम चालते, सून चालत नाही

छत्तीसगडमधला भिलाईचा परिसर हा पंडवानी या कथागायनाचा मुलूख. पंडवानी गायिका तीजनबाईंचे गनियारी इथल्याच दुर्ग जिल्ह्यातले. तंबोरा हातात घेऊन उभ्याने गायची कापालिक शैली पुरुषांची मानली जात असताना त्यांनी ती आपलीशी केली आणि 2019 मध्ये पद्मविभूषणापर्यंत पोहोचल्या. पंडवानीत महाभारत असते, पण त्याचा लाडका नायक अर्जुन नव्हे, भीम असतो. आणि भीमाच्या कथेत राक्षसकुळातली हिडिंबा येतेच. माणूस आणि अमानवी जीव यांच्यातल्या प्रेमाच्या कथा जगभर आहेत, चीनमध्ये तर त्यांचे भांडारच आहे. अशा कथांचा विषय ‘निषिद्ध प्रेम’ असतो, असे सहसा मानले जाते. मला ते पटत नाही. या कथांमध्ये प्रेमाला कुणी फारसे अडवत नाही. अडवले जाते ते उंबरठ्यावर. परक्या बाईवर पुरुषाचा जीव जडला तर समाज खपवून घेतो, पण तिला घरची सून म्हणून नांदवायची वेळ आली की अटी सुरू होतात.

महाभारतातल्या अटी अगदी स्पष्ट आहेत. भावाने मारायला पाठवलेली हिडिंबा भीमावर भाळते, कुंतीपुढे हात जोडते. कुंती आणि युधिष्ठिर नकार देत नाहीत. दिवसा भीमाला घेऊन जा, रात्री परत आणून सोड, असे ठरते. आणि भीम स्वतःच सांगतो की मुलगा होईपर्यंतच. घटोत्कच जन्मतो आणि हिडिंबा निघून जाते. मुलाचे मात्र तसे होत नाही, त्याला हाक मारली की यावे लागते. वनवासात दमलेल्या पांडवांना आणि द्रौपदीला तो आपल्या राक्षसांकरवी वाहून नेतो. युद्धात कर्णाने अर्जुनासाठी राखून ठेवलेले ‘शक्ती’ हे अस्त्र त्याच्यावर खर्च होते, तेव्हा पांडव रडतात आणि कृष्ण आनंदाने नाचतो. कर्णाने त्याला मारले नसते तर मलाच मारावे लागले असते, असेही तो सांगतो. आईला घरात जागा नाही आणि मुलाचे रक्त मात्र घराच्या कामी आले, हा हिशेब महाभारत लपवत नाही.

चीनमध्ये हाच पेच पांढऱ्या सापिणीच्या कथेत दिसतो. हांगचौच्या पश्चिम सरोवराकाठी बाई सुचेन नावाची नागीण स्त्रीरूपात श्यू श्यानशी लग्न करते. फाहाय नावाचा भिक्षू तिचे खरे रूप उघड करतो आणि तिला लेफंग पॅगोड्याखाली गाडतो. फंग मंगलुंगने 1624 मध्ये छापलेल्या आवृत्तीत तर नवराच भिक्षूचे भिक्षापात्र तिच्या डोक्यावर दाबून धरतो आणि पुढे स्वतः भिक्षू होतो. पुढच्या शतकातल्या नाटकांनी तिला मुलगा दिला. तो राजदरबाराच्या परीक्षेत पहिला येतो आणि आईची सुटका होते. म्हणजे इथेही मान आईला थेट मिळत नाही, तो मुलाच्या कर्तबगारीतून येतो. फरक एवढाच की घटोत्कचाला मरावे लागले, या मुलाला परीक्षा द्यावी लागली.

यावर एक आक्षेप रास्त आहे. फू सुंगलिंग (1640–1715) याच्या ‘ल्याओजाय’ संग्रहात सुमारे पाचशे कथा आहेत. तो स्वतः वरच्या परीक्षांत वर्षानुवर्षे नापास होत राहिला. त्याच्या कथांमधल्या रात्री दार ठोठावणाऱ्या कोल्हीण-सुंदरी म्हणजे एकाकी, गरीब पुरुषांनी रंगवलेली स्वप्ने, त्यात सून-सासर कशाला शोधायचे? स्वप्ने आहेतच. पण स्वप्नातही तोच उंबरठा आडवा येतो, हे महत्त्वाचे. त्याची यिंगनिंग ही कोल्हिणीची मुलगी, कारण असो-नसो खळखळून हसणारी. ती सून होते, नांदते. मग तिच्या हसण्यावरून शेजाऱ्याशी भयंकर प्रकरण घडते, सासू बोल लावते, आणि ती पुन्हा कधी हसत नाही. तिला घर मिळाले, पण ज्यासाठी ती कुणाला आवडली होती तेच तिला दाराबाहेर ठेवावे लागले. सगळ्या संग्रहात मला हीच कथा सर्वांत जिवाला लागते.

दुसरा आक्षेप जेजुरीचा. खंडोबाने धनगरांच्या बाणाईवर प्रेम केले, तिच्या वाड्यावर मेंढरे राखली आणि लग्न करून तिला आणलेच की! इथे देव पुरुष आहे आणि माणूस स्त्री, म्हणून वाट मोकळी असावी असे वाटते. पण वाघ्या-मुरळींच्या गाण्यांत म्हाळसा आणि बाणाईचे भांडण रंगते ते याच जागेवरून. गडावर देवाशेजारी वाण्याच्या घरची म्हाळसा आहे. बाणाईचे देऊळ डोंगराच्या अर्ध्या वाटेवर. आणि देवाशी लग्न लावलेल्या हाडामांसाच्या मुरळ्यांना तर तेवढेही मिळाले नाही. देवाची बायको म्हणवायचे आणि संसार कुणाचाच नाही, अशा जगण्याविरुद्ध पुण्यात शिवराम जानबा कांबळे यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोहीम उघडली. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा 1934 मध्ये आला. लोककथेतल्या गोडव्याचे कौतुक करताना या बायकांना विसरणे मला अन्यायाचे वाटते.

तरीही ऐकणाऱ्यांनी हा निवाडा निमूट मान्य केलेला नाही. 1924 मध्ये लेफंग पॅगोडा कोसळला तेव्हा चिनी लेखक लू शुनने लेख लिहून आनंद व्यक्त केला, आणि भिक्षूला लोकांच्या लग्नात नाक खुपसायचे कारणच काय, असा त्याचा रोख होता. हिमाचलात मनालीला 1553 मध्ये हिडिंबेचे देवदाराचे मंदिर उभे राहिले. कुल्लूचे राजघराणे तिला आजी मानते, आणि तिची पालखी पोहोचल्याशिवाय कुल्लूचा दसरा सुरू होत नाही.